जुनी स्काऊट-गाईड नोंद शोधताय? नंबर सोडा, शिबिराचा कागद गाठा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. तुम्ही १९९२ ते ९७ मध्ये नंदुरबारच्या मराठी शाळेत गाईड होतात, तृतीय सोपान (गाईडच्या परीक्षांची तिसरी पायरी) झाला होता, राज्य पुरस्काराच्या चाचणी शिबिराला पण जाऊन आलात, पुढे लग्न झालं, नाव बदललं आणि घर बदलताना सर्टिफिकेटांची फाईल गेली. आता मुलीच्या शाळेत गाईड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या पथकाची प्रमुख, म्हणून काम करायचंय, फॉर्मवर पूर्वीच्या सदस्यत्वाची माहिती मागितलीय आणि ऑफिसमध्ये सांगितलं की कॉम्प्युटरवर तुमचं नाव दिसत नाही. तर जुना मेंबरशिप नंबर काढायचा कुठून आणि नाहीच मिळाला तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं शाळेत गाईड कॅप्टन होते, नंतर जिल्ह्याच्या कामात शिबिरांची कागदपत्रं सांभाळली, आणि जुन्या मुलामुलींची नावं शोधून द्यायचं काम अजूनही करते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे डोक्यावरचं ओझं कमी होईल. कॅप्टन व्हायला जुनी नोंद लागतच नाही. मोठ्यांचं ट्रेनिंग वेगळं असतं, बेसिक कोर्स, मग अ‍ॅडव्हान्स, मग हिमालय वुड बॅज हा त्यापुढचा टप्पा, आणि लहानपणी राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या व्यक्तीलाही बेसिक कोर्सला बसावंच लागतं. मुलगी म्हणून शिकणं आणि मुलींना शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ते बरोबरच आहे. म्हणजे जुना कागद मिळाला तरी बेसिक करायचाच आणि नाही मिळाला तरी बेसिकच करायचा. तेव्हा फॉर्म अडवून ठेवू नका, तो आजच भरा, शोध मागून चालू राहू दे. याला अपवाद एकच, पूर्वी कुणी मोठेपणी बेसिक किंवा पुढचा कोर्स केलेला असेल तर तो कागद जरूर शोधावा, कारण तिथे खरंच पुन्हा करायचं वाचू शकतं.

आता नंबरचं. तुम्ही जो नंबर शोधताय तो बहुधा तुमच्या नावावर कधी पडलाच नव्हता. आता भारत स्काऊट्स अँड गाईड्सची नोंदणी ऑनलाइन होते, प्रत्येकाला आयडी मिळतो, त्यामुळे ऑफिसातली नवी मंडळीही धरून चालतात की पूर्वीही असंच असणार. तुमच्या वेळी नोंदणी पथकाची व्हायची. शाळेचं पथक, पथकात मुली किती, कॅप्टन कोण, तिचं ट्रेनिंग कुठपर्यंत झालंय आणि डोईमागे फी किती भरली, बहुतेक ठिकाणी एवढंच वर जायचं. मुलींची नावं कॅप्टनच्या रजिस्टरमध्ये. दरवर्षी नूतनीकरण, दरवर्षी नवी संख्या. म्हणून तुम्ही खिडकीवर जाऊन माझा नंबर सांगा म्हटलं की समोरचा माणूस प्रामाणिकपणे कॉम्प्युटर बघतो आणि प्रामाणिकपणे नाही म्हणतो, चूक कुणाचीच नाही, प्रश्नच चुकीच्या दारावर गेलाय.

पण मुलगी शाळेच्या बाहेर पडली की तिचं नाव कागदावर चढायचंच. चाचणी शिबिर, जिल्हा मेळावा, जांबोरी म्हणजे मोठा मेळावा, पुरस्काराची शिफारस, प्रत्येक वेळी यादी व्हायची, कारण राहण्याची सोय करायची असायची, पालकांचं संमतीपत्र घ्यायचं असायचं, निकाल लावायचा असायचा. म्हणून मी कुणालाही पहिला प्रश्न हाच विचारते की तुम्ही शाळेबाहेर कुठल्या शिबिराला गेला होतात आणि साधारण कधी. सदस्यत्वाचा कागद शोधणारे बरेच जण हात हलवत परत येतात, शिबिराचा कागद शोधणाऱ्यांना निदान काहीतरी धागा लागतो.

कुठली पायरी कुणी तपासली यावरून कागद कुठे असेल ते कळतं. प्रवेश आणि प्रथम सोपान पथकातच व्हायचं, कॅप्टन स्वतः तपासायच्या, त्यामुळे त्याचा कागद शाळेतच आणि खरं सांगायचं तर तो आता मिळणं अवघड. द्वितीय सोपान स्थानिक पातळीवर. तृतीय सोपान जिल्ह्याचा, राज्य पुरस्कार राज्य संस्थेचा आणि राष्ट्रपती पुरस्कार दिल्लीच्या राष्ट्रीय मुख्यालयाचा. जितकी वरची पायरी तितका कागद टिकायची शक्यता जास्त, कारण वर यादीवर सह्या असतात, प्रमाणपत्रं छापायची असतात, समारंभ असतो. तुमच्या बाबतीत तृतीय सोपान आणि राज्य पुरस्काराचं शिबिर हे दोन धागे आहेत, बाकीच्यात वेळ घालवू नका. आणि एक फरक लक्षात ठेवा, चाचणी शिबिराला जाऊन येणं वेगळं आणि पुरस्कार मिळणं वेगळं. तुम्ही शिबिराला गेलात असं लिहिलंय, पुरस्कार मिळाला का ते लिहिलेलं नाही. निकाल आठवत नसेल तर अर्जात तसंच लिहा, "शिबिरात सहभागी होते, निकालाची नोंद पाहायची आहे". शोधणाऱ्याला दोन्ही याद्या बघायला सुचतं.

आता तुमच्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी तुम्हाला खिडकीवर कुणी सांगितली नसेल. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. तुम्ही शाळेत होतात तेव्हा नंदुरबार हा धुळे जिल्ह्यातला तालुका होता. म्हणजे तुमच्या तृतीय सोपानची यादी, असलीच तर, धुळ्याच्या गठ्ठ्यात असणार. जिल्हा फुटला की पुढचं काम नव्या ऑफिसात सुरू होतं, पण मागचे गठ्ठे उचलून नेले जातातच असं नाही, बऱ्याचदा ते जुन्या ठिकाणीच पडून राहतात. त्यामुळे नंदुरबारच्या ऑफिसने नाही म्हटलं तर ते खरंच बोलतायत. हे फक्त तुमच्यापुरतं नाही, वाशिमवाल्यांनी अकोल्यात बघावं, हिंगोलीवाल्यांनी परभणीत, गोंदियावाल्यांनी भंडाऱ्यात, हे तिन्ही जिल्हे १९९८-९९ मध्येच वेगळे झाले. पालघर तर २०१४ मध्ये, त्याआधीचं सगळं ठाण्यात. लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादमधून निघाला, गडचिरोली त्याच वर्षी चंद्रपूरमधून. आपण ज्या वर्षी गाईड होतो त्या वर्षी आपलं गाव कुठल्या जिल्ह्यात होतं हे आधी पाहायचं, मग अर्ज.

जे बाकीचे वाचतायत त्यांच्यासाठी इथेच अजून एक वळण सांगते, कारण यावर लोकांचे महिने जातात. केंद्रीय विद्यालयात शिकलेल्यांची नोंद महाराष्ट्राच्या राज्य संस्थेत सापडणार नाही. भारत स्काऊट्स अँड गाईड्सच्या रचनेत केंद्रीय विद्यालय संघटन ही स्वतःच एका राज्यासारखी धरली जाते, नवोदय विद्यालय समिती पण तशीच, आणि रेल्वेचे झोन पण. तुमचे वडील रेल्वेत असतील आणि तुम्ही रेल्वे कॉलनीतल्या ग्रुपमध्ये असाल तर तुमचं राज्य म्हणजे मध्य रेल्वे किंवा पश्चिम रेल्वे, भले घर दादरला असो. आणि झोनही बदललेत, दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, जिचं मुख्यालय बिलासपूरला आहे, ती २००३ ची, त्याआधी तिच्याखाली येणारा नागपूरचा भाग दक्षिण पूर्व रेल्वेत होता आणि तिचं मुख्यालय कोलकात्याला. तेव्हा शाळा कुठली होती, ग्रुप कुणाचा होता, हे ठरल्याशिवाय पुढचं काहीच सांगता येत नाही. काही जण आजोबांची नोंद शोधत येतात, त्यांनी लक्षात घ्यावं की आजची संस्था ७ नोव्हेंबर १९५० ची आहे, तेव्हा बॉय स्काऊट्स असोसिएशन आणि हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन एकत्र आल्या, मुलींची गर्ल गाईड्स असोसिएशन १५ ऑगस्ट १९५१ ला आली. त्याआधीच्या कागदावर नाव वेगळंच असणार, आणि आजही मिळत्याजुळत्या नावाच्या वेगळ्या संस्था आहेत, उदाहरणार्थ हिंदुस्थान स्काऊट्स अँड गाईड्स, त्यामुळे हातात जो काही तुकडा असेल त्यावर संस्थेचं पूर्ण नाव काय छापलंय ते आधी वाचा.

बरं, आता कामाला लागू. सुरुवात घरातून, पण सर्टिफिकेट शोधू नका, ते गेलंय हे तुम्हीच लिहिलंय. लॉगबुक, म्हणजे शिबिराच्या नोंदींची वही, शोधा, शिबिराचे ग्रुप फोटो, वडिलांना पाठवलेलं पत्र, रेल्वेच्या सवलतीचा कागद, स्कार्फ, प्रावीण्य पदकं, काहीही. माहेरी विचारा, मुलींच्या वस्तू आया टाकत नाहीत, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवतात. फोटो मिळाला तर मागची बाजू आधी बघा, त्यावर स्टुडिओचा शिक्का किंवा कुणीतरी पेनने तारीख लिहिलेली असते. मला स्वतःला एका मुलीच्या लॉगबुकात तंबूच्या आकृतीशेजारी शिबिरप्रमुखांची सही आणि तारीख सापडली होती, त्या एका तारखेवरून तिचं वर्ष ठरलं आणि वर्ष ठरल्यावर यादी लगेच निघाली. वर्ष हेच सगळ्यात मौल्यवान आहे. १९९४ ते ९७ च्या मध्ये कधीतरी, असा अर्ज आला की क्लार्क तो बाजूला ठेवतो, डिसेंबर ९५ म्हटलं की उठतो.

वर्ष आठवत नसेल तर इयत्ता आठवा. राज्य पुरस्काराच्या वेळी नववीत होतात की दहावीत, कुठल्या वर्गशिक्षिका होत्या, सहामाही झाली होती की नव्हती. शाळेच्या जनरल रजिस्टरवरून इयत्ता आणि साल जुळवता येतं. आणि लक्षात असू द्या की शैक्षणिक वर्ष जूनला सुरू होतं, म्हणजे जानेवारी ९६ चं शिबिर शाळेच्या फाईलवर ९५-९६ म्हणून असणार पण शिबिराच्या यादीवर नुसतं १९९६ असेल. दोन्ही बघायला सांगा.

मग शाळा. शाळेत काय मागायचं याचा विचार करून जा. जनरल रजिस्टर कायम जपायचं असतं, त्यातून तुमचं त्या वेळचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि त्या वर्षांत तुम्ही तिथे शिकत होतात हे सिद्ध होतं. हा उतारा आधी घ्या, पुढे सगळीकडे जोडायला लागेल. शाळा सोडल्याचा दाखला जवळ असेल तर तोही चालतो. स्काऊट-गाईडची फाईल शाळेत असेलच याची मी खात्री देत नाही, रंगकाम निघालं, खोली बदलली की आधी अशाच फाईली जातात. पण तीन ठिकाणी लोक बघत नाहीत आणि तिथे सापडतं. एक म्हणजे शाळेचा वार्षिक अंक, त्यात "आमच्या शाळेचे यश" असं एखादं पान असतं आणि पुरस्काराच्या शिबिराला गेलेल्या मुलींची नावं त्यात हमखास, कारण मुख्याध्यापकांना अभिमान असतो. दुसरं मुख्याध्यापकांच्या खोलीतला किंवा हॉलमधला सन्मान फलक. तिसरं, आणि माझं सगळ्यात आवडतं, आवक-जावक रजिस्टर. फाईल नष्ट झाली तरी जावक रजिस्टर बऱ्याचदा राहतं, आणि त्यात ओळ असते, जावक क्रमांक, तारीख, कुणाला पाठवलं, विषय, "राज्य पुरस्कार चाचणी शिबिरासाठी गाईड्सची यादी पाठविणेबाबत". तुमचं नाव त्या ओळीत नसेल, पण तो क्रमांक आणि तारीख घेऊन जिल्ह्यात गेलात की तिथल्या माणसाला नेमका कुठला गठ्ठा सोडायचा ते कळतं. अशा ओळीवरून नावं निघालेली मी पाहिली आहेत.

शाळेत जायची वेळ पण सांभाळा. जूनमध्ये प्रवेशांची गर्दी, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची धावपळ, त्या वेळी क्लार्कला जुने गठ्ठे काढायला सांगणं म्हणजे नाही ऐकायलाच जाणं. गणपतीनंतर ते दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात बरा. शाळा बंद झाली असेल किंवा दुसरीत विलीन झाली असेल तर माध्यमिक शाळेसाठी जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी माध्यमिक यांच्याकडे आणि प्राथमिकसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विचारा की त्या शाळेचं रेकॉर्ड कुणाच्या ताब्यात दिलं.

कॅप्टन बाईंना शोधा. हे मी मनापासून सांगतेय, फक्त कागदासाठी नाही. निवृत्त झाल्या असतील, पण शाळेतल्या जुन्या शिपायांना, निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपला नक्की माहीत असतं की त्या आता कुठे राहतात. कितीतरी कॅप्टन्सनी आपली रजिस्टरं घरी नेलीत, कारण शाळेत नव्या माणसाने ती फेकली असती. बाईंना भेटल्यावर तुम्ही अमुक शिबिराला मला नेलं होतं का असं विचारू नका, आपण सुचवलेलं माणूस सहज हो म्हणून जातं. त्यांना नुसतं विचारा, त्या वर्षी कुणाकुणाला नेलं होतं, राहायची सोय कुठे होती, बरोबर दुसऱ्या कुठल्या शाळा होत्या. त्या आपणहून जे सांगतील त्याची किंमत जास्त. संघातल्या मैत्रिणींनाही विचारा, एकीकडे जरी त्याच शिबिराचं सर्टिफिकेट असलं तर त्यावरचा क्रमांक, तारीख, ठिकाण आणि सही करणाऱ्याचं पद उतरवून घ्या. एकाच शिबिराची प्रमाणपत्रं लागोपाठच्या क्रमांकाची असतात, यादीत तिच्या वरखाली तुमचं नाव असायची शक्यता बरीच.

आता जिल्हा कार्यालय. तुम्हाला भेटायचंय ते जिल्हा संघटक (गाईड) यांना. स्काऊट आणि गाईड अशी दोन वेगळी पदं आणि बऱ्याचदा दोन वेगळी कपाटं असतात, त्यामुळे स्काऊटच्या बाजूला विचारून नाही ऐकलं तर ते अर्धंच उत्तर झालं. तोंडी विचारू नका, एक पानी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज साधारण असा:

"मी सन १९९२ ते १९९७ या काळात (शाळेचे नाव), ता. नंदुरबार, तत्कालीन जि. धुळे येथे विद्यार्थिनी असून शाळेच्या गाईड पथकात होते. शालेय नाव (आडनाव, नाव, वडिलांचे नाव), जन्मतारीख अमुक. डिसेंबर १९९५ च्या सुमारास तृतीय सोपान चाचणी व त्यानंतर राज्य पुरस्कार चाचणी शिबिरात सहभागी होते. त्या वेळच्या गाईड कॅप्टन श्रीमती अमुक. सदर याद्यांमधील माझ्या नावाच्या नोंदीचा साक्षांकित उतारा मिळावा ही विनंती. जनरल रजिस्टरचा उतारा, नावबदलाचा पुरावा व ओळखपत्र सोबत जोडले आहे."

यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. "तत्कालीन जि. धुळे" लिहिलं नाही तर अर्ज नंदुरबारला पाठवून देतील. महिना-साल तुमचं जे निघेल ते टाका, मी नमुन्यादाखल लिहिलंय. आणि पूर्ण यादी मागू नका, फक्त आपल्या नोंदीचा उतारा मागा, कारण यादीत इतर मुलींच्या जन्मतारखा आणि पत्ते असतात, ते द्यायला ऑफिस कचरतं आणि कचरायलाच हवं.

नावाचं जरा जास्त सांगते, कारण बायकांचे अर्ज इथेच अडकतात. यादीत तुम्ही माहेरच्या नावाने आहात, ते तुम्हाला माहीतच आहे, पण कशा लिहिलेल्या आहात ते माहीत नाही. शाळेच्या यादीत आडनाव आधी, वडिलांचं नाव शेवटी. शिबिराच्या यादीत नुसतं "कु." आणि नाव-आडनाव. टाईपरायटरवर इंग्रजीत यादी केली असेल तर स्पेलिंग कसंही, वैशालीचं दोन-तीन तऱ्हांनी होतं, पाटील-पाटिल होतं, आणि कधी नुसतं आद्याक्षर. म्हणून शोधणाऱ्याला सांगा की नावावरून बघू नका, आधी शाळेचं नाव बघा, मग त्या शाळेच्या चार-पाच मुलींत मला शोधा. हे फार सोपं पडतं. नाव जुळवायला लग्नाचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रात नावबदल केला असेल तर त्याची प्रत लावा, दोन्ही नसेल तर प्रतिज्ञापत्र.

जिल्ह्याने महिनाभरात काही कळवलं नाही तर त्या अर्जाची पोच जोडून मुंबईला राज्य संस्थेकडे लिहा, तिथे राज्य पुरस्काराचं वर्ष आणि जिल्हा धुळे एवढं स्पष्ट टाका. राष्ट्रपती पुरस्कार असता तर दिल्लीलाही लिहायला सांगितलं असतं, तुम्हाला गरज नाही.

माहितीचा अधिकार वापरू का असं बरेच जण लगेच विचारतात. वापरता येतो, पण मी तो मागे ठेवते. सरकारी किंवा अनुदानित शाळेचं रजिस्टर, शिक्षण खात्याकडे गेलेलं रेकॉर्ड, यासाठी २००५ चा कायदा उपयोगी आहे, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, हे न पाळल्याने पण अर्ज परत येतात. पण या कायद्याने जो कागद आहे तोच मिळतो, कुणी तुमच्यासाठी तीस वर्षांपूर्वीच्या गठ्ठ्यात बसून शोध लावून देत नाही. "अभिलेख आढळून येत नाही" असं एका ओळीचं उत्तर आलं की विषय तिथे बंद होतो. विनंतीच्या अर्जावर मात्र आपुलकीने शोधणारी माणसं या कामात अजून आहेत, त्यांना आधी संधी द्या. कायद्याचा अर्ज करायचाच तर माहिती मागण्यापेक्षा रजिस्टरची पाहणी करू द्या असं मागा, स्वतः बसून पानं उलटा.

सापडलं तर काय मिळेल? इथे अपेक्षा जरा बेताच्या ठेवा. नवं, सहीचं, छापील राज्य पुरस्कार प्रमाणपत्र मिळेलच असं नाही, ज्यांच्या सहीने ते निघालं होतं ते राज्यपाल आता पदावर नाहीत. बहुतेक वेळा लेटरहेडवर पत्र मिळतं की अमुक वर्षाच्या यादीत अमुक क्रमांकावर सदर नाव आहे. तुमच्या कामाला ते पुरेसं आहे. रेल्वेच्या स्काऊट-गाईड कोट्यासारख्या नोकरीसाठी कागद लागत असेल तर मात्र जाहिरातीत नेमकं काय मागितलंय ते वाचूनच दुय्यम प्रतीचा अर्ज करा, तिथे मूळ प्रमाणपत्र गहाळ झाल्याची पोलिसांकडची नोंद आणि प्रतिज्ञापत्र दोन्ही मागितलं जाऊ शकतं. आणि पैसे घेऊन जुन्या तारखेचं सर्टिफिकेट काढून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या वाऱ्याला उभं राहू नका. यादीत नाव नसलेलं प्रमाणपत्र पडताळणीत टिकत नाही, आणि जिला मुलींकडून नियम पाठ करून घ्यायचेत तिने असं करावं हे मला सहनच होत नाही.

काहीच सापडलं नाही तर? तसंही होतं, पुरात गेलेली, वाळवीने खाल्लेली कपाटं मी पाहिली आहेत. मग बाईंचं एक सहीचं निवेदन घ्या, एखाद-दोन मैत्रिणींचं घ्या, जनरल रजिस्टरचा उतारा आणि फोटो जोडा, ही तुमची फाईल. फॉर्मवर पूर्वानुभवाच्या रकान्यात लिहा, "शालेय जीवनात गाईड, तृतीय सोपानपर्यंत, अंदाजे १९९२ ते १९९७, मूळ प्रमाणपत्र उपलब्ध नाही". एवढं खरं लिहिलेलं संस्थेचा कुठलाही समंजस आयुक्त मान्य करतो. नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात रेघ मारा, अंदाजाने काही टाकू नका. राज्य पुरस्कार मात्र कागद हाती येईपर्यंत लिहू नका, आणि गणवेशावर जुना बॅज पण लावू नका, तो मुलींच्या गणवेशाचा भाग आहे, कॅप्टनचं चिन्ह वेगळं असतं.

खाली कुणीतरी एनसीसी आणि एनएसएसचं विचारलंय, त्याचं थोडक्यात. तिथला मार्ग वेगळा आहे कारण तिथे पहिल्यापासून व्यक्तीच्या नावाने नोंद होते. एनसीसीसाठी तुमच्या वेळची बटालियन कुठली ते शोधा, ए, बी, सी प्रमाणपत्राचा क्रमांक किंवा परीक्षेचं वर्ष घेऊन त्या युनिटकडे अर्ज करा, पुढे ग्रुप मुख्यालयाकडे तेच पाठवतात. एनएसएससाठी कॉलेज आणि विद्यापीठाचा एनएसएस विभाग, दोन वर्षांचे २४० तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर यांच्या नोंदीवरून तिथे शोध लागतो. विद्यापीठ नंतर फुटलं असेल तर जिल्ह्यांसारखाच घोळ असतो, तुमच्याच भागातलं उदाहरण, जळगावचं विद्यापीठ १९९० मध्ये पुणे विद्यापीठातून वेगळं झालं, त्याआधीच्यांनी पुण्यात विचारावं.

तर ताई, तुम्ही या आठवड्यात एवढं करा. नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात रेघ मारून फॉर्म भरून द्या आणि बेसिक कोर्सची पुढची तारीख विचारून घ्या. माहेरी फोन करून लॉगबुक आणि फोटोंचं विचारा. शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढा, तिथे गेल्यावर जावक रजिस्टर आणि ९५ ते ९७ चे वार्षिक अंक बघू द्या म्हणून सांगा. वर्ष पक्कं झालं की धुळ्याला अर्ज, पोच घेऊन. कॅप्टन बाईंचं आडनाव आणि शिबिराचं ठिकाण आठवलं तर इथे न लिहिता मला मेसेज करा, धुळ्याकडच्या त्या काळातल्या एक-दोन गाईडर्स, म्हणजे पथकं चालवणाऱ्या बाई, माझ्या ओळखीच्या आहेत, त्यांना विचारून बघते.